यमुनाची गैरहजेरी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, भावाजवळ तर नाहीच नाही. देवापुढे बसले की बाकीचं सगळं ओकते — सासूला उलटून बोलले ते, वर्गात एखाद्या मुलीवर उगाच खेकसले ते — पण हे एवढं बाजूला ठेवून बोलते. जसं काही त्याला ते ठाऊकच नाही!

तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा चिडायला आता दुसरं कुणी उरलं नाही म्हणून असेल. कारण इतकी वर्षं मी या गोष्टीचा सगळा राग त्या कॉलेजवर काढत आले. त्या नियमांवर, त्या प्राचार्यांवर. आणि तो राग खोटा नव्हता हो. नियम होतेच तसे, डोकं फिरवणारे. पण —

नाही. आधी नियमांचंच सांगते. तिथून सुरुवात करणं मला सोपं जातं.

गिरगावात तेव्हा एक सकाळचं कॉलेज होतं, नोकरी करणाऱ्यांसाठी. त्यांनी एक नवा वर्ग काढला. इंटर झाल्यावर ज्यांचं शिक्षण सुटलं आणि आता वय वाढलंय, अशा लोकांना बीएची दोन वर्षं एका वर्षात पुरी करता येतील. ज्युनिअर आणि सीनिअर एकदम. आम्ही त्याला 'दुप्पट वर्ग' म्हणायचो. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, गिरगावातच म्युनिसिपालिटीच्या शाळेत दुपारच्या पाळीला शिकवणारी. लग्नाआधी इंटर झाले होते, मग संसार, मग सासूबाईंचं दुखणं, आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. हायस्कुलात शिकवायचं तर बीए हवं. नवऱ्याच्या मागे लागून लागून मी नाव घातलं.

पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी नियम वाचून दाखवले. घंटा झाल्यावर आलात तर गैरहजर. एका चाचणीत नापास झालात तर वर्गातून बाहेर. हजेरी कमी भरली तरी बाहेर. एकदा बाहेर गेलात की या वर्गात पुन्हा घेणार नाही, आणि भरलेली टर्म फुकट. आणि यावर कळस म्हणजे — नोकरीचं काम हे गैरहजेरीचं कारण मानलं जाणार नाही. नोकरदारांच्या वर्गात! मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, तेव्हा प्राचार्यांनी चष्म्यावरून तिकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचलं.

प्रवेशासाठी पालकाची सही हवी होती. आम्हा घोड्यांना! आमच्यात पोस्टातले एक तारमास्तर होते, त्यांना नातू झालेला. तेही बिचारे पालक शोधत हिंडले. कुणी भांडलं तर हेडक्लार्क म्हणायचे, "नियम विद्यार्थ्यासाठी आहे. तुमच्या वयाशी नियमाला काय करायचंय?" अभ्यास दुप्पट, वेळ निम्मा, आणि वागवायचं मात्र सोळा वर्षांच्या पोरांसारखं. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

बघा, मी पुन्हा तिकडेच वाहवत चाललेय. यमुनाचं सांगायला हवं.

यमुना जाधव माझ्या शेजारी बसायची. वर्गात बायका आम्ही दोघीच. ती परळच्या एका इस्पितळात नर्स होती. डिलाईल रोडला बीडीडी चाळीत एका खोलीत राहायची — ती, तिची पाच वर्षांची सुनंदा, आणि गिरणीत जाणारा तिचा धाकटा भाऊ. नवरा क्षयानं गेलेला. पालकाच्या सहीसाठी हेडक्लार्कनी तिला परत पाठवलं तेव्हा ती म्हणाली, "माझी पालक मीच आहे." त्यांनी नुसती मान हलवली. शेवटी तो धाकटा भाऊ पाळी बुडवून आला, आणि ज्याला हिनं कडेवर घेऊन वाढवलं तो हिचा पालक म्हणून सही करून गेला. जिना उतरताना यमुना इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. मला मात्र संताप आला होता. तसंच होतं आमचं. मला राग लवकर यायचा, तिला हसू.

रात्रपाळी संपवून ती तशीच कॉलेजात यायची. झोप अनावर झाली की मागे भिंतीपाशी जाऊन उभी राहायची, उभ्यानं ऐकायची. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकदा तिचा निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या.

ती महार समाजातली. हे सांगायला नको वाटतं, पण सांगायलाच हवं. तेव्हा आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. मी स्वतःला फार सुधारलेली समजत होते ना! कॉलेजात मधल्या सुट्टीत मी तिची भाकरी खायची, ती माझी घावनं खायची. माझं घर तिथून चालत पाच मिनिटांवर. पण मी तिला एकदाही म्हटलं नाही की चल, चहा घेऊ. आणि तिनंही कधी विचारलं नाही. ती का विचारत नाही, हे मला कळत होतं. म्हणजे बघा.

त्या जानेवारीत संक्रांतीला मी माहेरी लालबागला गेले. आईचं हळदीकुंकू असायचं. दोन दिवसांत परतायचं होतं. तेवढ्यात रेडिओवर जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या हाताखाली राहणार. पुढचं तुम्ही ऐकलेलं असेल. गिरण्या थंड पडल्या, रस्ते माणसांनी भरले. आधी लाठ्या, मग अश्रुधूर, मग गोळ्या. मग कर्फ्यू.

दिनू माझा धाकटा भाऊ. विशीतला पोरगा, गिरणीत बदली कामगार. घोषणा द्यायला सगळ्यांच्या पुढे. दुपारची वेळ होती, मी तांदूळ निवडत बसले होते. जिन्यात धावपळ ऐकू आली आणि दोघा मित्रांनी त्याला धरून वर आणलं. डाव्या खांद्याखाली सदरा रक्तानं चिकटलेला. तो शुद्धीवर होता, आणि मला बघून हसायचा प्रयत्न करत होता. ते हसू मला सहन होईना.

"आस्पत्रीत नको न्हेव गो," आई म्हणाली. "थंय पोलीस बसले हत."

चाळीत तशी बातमी आली होती खरी — जखमी माणूस आला की आधी नाव लिहून घेतात, पट्टी झाली की गाडीत घालतात. डॉक्टर बोलवावा तर कर्फ्यूत कोण येणार? आणि आला तर बाहेर जाऊन काय बोलणार? मला एकच माणूस आठवलं.

संध्याकाळी दूध-भाजीसाठी थोडा वेळ कर्फ्यू सुटला. दिनूला आईचं घोंगडं पांघरलं, एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं त्याचा मित्र, असे आम्ही करी रोडच्या पुलावरून निघालो. पुलावर पोलीस होते. एकानं हटकलं. मी म्हटलं, "थंडीताप आहे हो, घरी नेतेय." दिनू खरंच थरथरत होता. त्यानं सोडलं. डिलाईल रोडला पोचेपर्यंत घोंगडं आतून ओलं झालं होतं.

यमुनानं दार उघडलं. पांढरी साडी नेसून कामावर निघायच्या बेतात होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, घोंगड्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आत घे त्याला. दार लाव."

बस. का, कुठे, कसं — काही विचारलं नाही. सुनंदाला शेजारी पाठवलं, भावाला स्टोव्हवर पाणी ठेवायला सांगितलं. कात्रीनं सदरा कापला. मी तोंड फिरवून उभी होते. जरा वेळानं तिचा आवाज आला, "आरपार गेलीय. हाडाला नाही लागली. नशीबवान आहेस रे बाबा." मग मला म्हणाली, "याला आता हलवायचं नाही. इथंच राहू दे."

"अगं, पण तुझी ड्युटी? कॉलेज?"

"बघू नंतर."

दुसऱ्या दिवशी तिच्या ओळखीचे एक डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. त्यांचं नाव तिनं मला कधीच सांगितलं नाही. दिनूला ताप चढला, जखम चिघळली, तो बरळायला लागला. यमुनानं इस्पितळात आपणच आजारी असल्याचं कळवलं आणि घरी राहिली. त्या एवढ्याशा खोलीत दिनू एकुलत्या एका खाटेवर आणि ती तिघं खाली. मी लालबागला अडकले होते तोवर कर्फ्यू सुटला की जाऊन यायची. एकदा पाहिलं तर ती त्याच्या उशाशी बसून राज्यशास्त्राचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती, एका हातानं त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुझ्या भावाला आता घटना पाठ होईल बघ."

आईला मी सगळं सांगितलं होतं. ती रडली, देवाला नवस बोलली, यमुनाला आयुष्य चिंतलं. आणि मग हळूच म्हणाली, "पण कोणाक सांगा नको हां. तुझ्या सासरी तर नाकाच." पोलिसांमुळे नव्हे. दिनू तिथं जेवतोय म्हणून. मी आईवर चिडले नाही. मान डोलावली.

मग वातावरण निवळलं, मी गिरगावात परतले, कॉलेज सुरू झालं. दिनू अजून यमुनाकडेच होता, त्याला उठून बसताही येत नव्हतं. मी रोज वर्गात वेळेवर हजर. शेजारची जागा रिकामी. हजेरीला तिचं नाव पुकारलं जायचं आणि मी बाकावरच्या रेघोट्यांकडे बघत राहायची. माझ्याच भावापायी तिची हजेरी बुडत होती, आणि माझी भरत होती. तेव्हा हे असं स्वच्छ दिसलं होतं का मला? दिसलं होतं. न दिसायला काय झालं?

अखेर दिनू हिंडाफिरायला लागला. त्याला भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावाला पाठवला. तो सुखरूप मालवणला पोचल्याचा निरोपही आला. हे लक्षात ठेवा, कारण मी स्वतःला वर्षानुवर्षं वेगळंच सांगत आले — की मी दिनूला वाचवण्यासाठी तसं केलं. दिनू तेव्हा समुद्राकाठी मासे खात बसला होता. त्याला कुणी शोधत नव्हतं.

यमुना कॉलेजात आली त्याच दिवशी तिला बोलावणं आलं. कर्फ्यूचे दिवस सर्वांना माफ होते. पण नंतर जे गैरहजर राहिले ते चळवळीत होते की काय, याची चौकशी व्हायची होती. प्राचार्य धास्तावलेले होते. त्यांना वरून काही विचारणा झाली होती म्हणे. चौकशीला ते स्वतः, राज्यशास्त्राचे प्राध्यापक, हेडक्लार्क, आणि वर्गाची प्रतिनिधी म्हणून — मी. हो, मीच. वर्गानं मला निवडलं होतं. शाळामास्तरीण, घरंदाज, वेळेची पक्की. नाव यमुनानंच सुचवलं होतं.

प्राचार्यांनी तिला उभीच ठेवली. म्हणाले, "जाधवबाई, एवढे दिवस कुठे होतात?"

"घरी आजारी माणूस होतं, सर."

"कोण?"

"जवळचंच होतं."

"मग डॉक्टरांचा दाखला आणा."

"दाखला नाही मिळणार, सर."

प्राचार्यांनी हात पसरले. म्हणाले, नियमाप्रमाणे दाखल्याशिवाय मला काही करता येत नाही. तेव्हा प्राध्यापक मध्ये पडले. भला माणूस. त्यांना ती वर्गात हवी होती. म्हणाले, "सर, दाखल्याचं राहू द्या. प्रतिनिधीला खात्री असेल तर तेवढं पुरे धरू. सावंतबाई, तुम्ही यांच्या शेजारी बसता. यांच्या घरी खरंच आजारपण होतं का, एवढंच सांगा. बाकी काही नको."

एवढंच. समजतंय ना तुम्हाला? कोण आजारी, कशानं आजारी, काही विचारत नव्हते. फक्त हो म्हणायचं होतं. मान जरी हलवली असती तरी चाललं असतं. प्राचार्यसुद्धा सुटले असते, त्यांनाही वाद नकोच होता. त्या खोलीतली सगळी माणसं माझ्या 'हो'ची वाट बघत होती. यमुना माझ्याकडे बघतही नव्हती, इतकी तिला खात्री होती.

मी म्हटलं, "मला काही कल्पना नाही."

प्राध्यापकांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. आणि मी पुन्हा तेच म्हटलं. एकदा घाबरून तोंडून निघून जातं माणसाच्या, तसं झालं असतं तर — पण मी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा तर आवाजही अडखळला नाही.

का? हे 'का' मी इतक्या वेळा उलटंपालटं केलंय. आधी म्हणायची, पोलिसांची भीती. ती नव्हती, वर सांगितलंच. मग म्हणायची, म्युनिसिपालिटीतली नोकरी जाईल. कशी जाईल? एका आजाऱ्याला पाहिलं म्हणून? मग बरीच वर्षं मी हेडक्लार्कवर येऊन थांबत असे. ते आमच्याच चाळीत राहायचे, खालच्या मजल्यावर. त्यांच्या पत्नीचं माझ्या सासूबाईंकडे रोजचं येणंजाणं. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही त्यांच्या घरी गेला होता? आणि संध्याकाळच्या आत चाळभर झालं असतं — सावंतांची सून डिलाईल रोडला कुणाच्या घरी जाते, कुणाच्या हातचं तिचा भाऊ खातो. हे खरं आहे. त्या क्षणी माझी नजर हेडक्लार्ककडे गेली होती. त्यांच्या कानामागे पेन होतं आणि ते माझ्याकडे बघत होते.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. समाज, चाळ, सासू — यांच्यावर ढकलून मोकळं होता येतं. पण अजून एक आहे. "मला काही कल्पना नाही" म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. हलकं वाटलं. आता तिचा निबंध कुणी वाचून दाखवणार नाही — हे अगदी अशा शब्दांत मनात आलं. तिनं माझ्या भावाचा जीव वाचवला होता, आणि मला हे सुचलं. मी याला काय म्हणू? मला शब्द ठाऊक आहे, मी मराठीच शिकवते. लिहवत नाही.

बाहेर जिन्यात ती माझ्यासाठी थांबली होती. मला वाटलं रडेल, ओरडेल. मला तेच हवं होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. ती म्हणाली, "एक 'हो' म्हणायचं होतंस गं, सुमन." आणि उतरून गेली. या वेळी कठडा मी धरला होता.

तिचं नाव काढलं. भरलेली टर्म गेली. नेहमीचा बीएचा वर्ग इतर कॉलेजांत, तोही दिवसभराचा, आणि रात्रपाळी करून तो तिला झेपणं शक्य नव्हतं. पुढल्या वर्षी तो दुप्पट वर्गही कॉलेजनं बंद केला. प्रौढ विद्यार्थी शिस्त पाळत नाहीत, असा शेरा मारला म्हणे. तिला नर्सिंगच्या शाळेत शिकवायला जायचं होतं, त्याला पदवी लागणार होती. तो विषय तिथंच संपला.

मी सेकंड क्लासात पास झाले. सासूबाईंनी चाळीत पेढे वाटले. हेडक्लार्कांच्या घरी मी स्वतः नेऊन दिले.

दिनू गावाहून परतला तेव्हा पहिलं विचारलं, "यमुनाताई पास झाली ना?" मी म्हटलं, "ती बसलीच नाही रे यंदा, तिला ड्युटी जमेना." त्यानं विश्वास ठेवला. का ठेवू नये? तो तिला भेटायला निघाला तर मी म्हटलं, नको जाऊ इतक्यात, पोलिसांच्या नजरेत येईल बिचारी. असं दर वेळी काहीतरी सांगत गेले. मग तिनं खोली बदलली असं कुठूनसं कळलं, आणि मला बरंच झालं. त्याच वर्षी दसऱ्याला ती भावाबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध झाली, हेही मला तारमास्तरांकडून समजलं.

राज्य झालं त्या मे महिन्यात लालबागला चाळीच्या अंगणात सत्कार झाला. ज्यांनी लाठ्या-गोळ्या खाल्ल्या त्यांचा. दिनूला भाषण करायचं होतं. आदल्या दिवशी माझ्याकडे आला, "ताई, मी यमुनाताईचं नाव घेणार. तिला बोलावूया." मी त्याला समजावलं — इस्पितळात खोटं आजारपण कळवून ती घरी राहिली होती, आता नाव निघालं तर नोकरीवर गदा येईल. केवढं सावध, केवढं समजूतदार बोलले मी! तो म्हणाला, खरंच की, माझ्या डोक्यातच नाही आलं. आणि दुसऱ्या दिवशी स्टेजवर म्हणाला, "मी आज उभा आहे तो माझ्या बहिणीमुळे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वर बोलावलं, नारळ आणि खण दिला. आई खाली पुढच्या रांगेत बसून डोळे पुसत होती. मी नारळ घेतला, ओटीत धरला, लोकांना नमस्कार केला.

त्याच जूनमधली गोष्ट. मी तोवर बीटी ही शिक्षकाची पदवीही घेऊन दादरच्या एका मुलींच्या शाळेत लागले होते, आणि पाचवीचे प्रवेश माझ्याकडे होते. सकाळपासून पालकांची रीघ. मान वर न करता मी "पुढे या" म्हणत होते. एकदा म्हटलं आणि समोर यमुना.

केस कानाशी पिकले होते. बाकी तशीच. बरोबर उंच, सावळी मुलगी, दोन वेण्या घातलेली. मी इथं आहे हे तिला ठाऊक नसावं. क्षणभर तिची मुद्रा बदलली, मग तिनं दोन्ही हात जोडले. म्हणाली, "नमस्कार, बाई. मुलीच्या प्रवेशाचं होतं."

"यमुना, बस ना गं."

"नको, बाहेर माणसं खोळंबलीत. गुणपत्रक आणलंय."

सुनंदाचे गुण उत्तम होते. जागा होत्या. मी घाईघाईनं म्हणू लागले, मी चांगल्या तुकडीत घालते, मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगते, मी स्वतः लक्ष ठेवते —

"नको, बाई," ती शांतपणे म्हणाली. "सगळ्यांचं जसं करता तसंच करा."

मी सही केली. माझ्या ओठांवर आलं होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, फक्त ती लहान मुलगी. हेडक्लार्क नव्हते, सासूबाई तर वारल्या होत्या, दिनू हीरो झाला होता. मला तेव्हा कुणाचं भय होतं? सांगा ना, कुणाचं?

यमुना मुलीला म्हणाली, "बाईंना नमस्कार कर." सुनंदानं हात जोडले आणि माझ्याकडे बघून हसली — आईसारखी, चटकन. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि शाळेतल्या कुठल्याही मुलीला म्हणते तसंच म्हणून गेले, "हुशार आहेस. खूप शीक हं."

यमुनानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग मुलीचा हात धरून ती बाहेर गेली.

शिपायानं दारातून डोकावून विचारलं, "पुढच्यांना पाठवू का, बाई?"

मी म्हटलं, "पाठव."